भावनांची यादी आणि मुलाचा चेहरा

बालशिक्षणाच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांपासून एक नवा दावा मांडला जात आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आपल्या मनातले नीट सांगता येत नाही. एका शिक्षिकेपुढे वीस-तीस मुले असतात. तिचे लक्ष एकाच वेळी सगळ्यांकडे जाऊ शकत नाही. म्हणून वर्गात कॅमेरा बसवावा, संगणकाने प्रत्येक मुलाचा चेहरा क्षणोक्षणी तपासावा आणि कोणते मूल आनंदी आहे, कोणते घाबरले आहे, कोणते रागावले आहे हे शिक्षिकेला कळवावे, असा हा दावा आहे. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. ज्या मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिलेच नाही, त्याच्याकडे निदान यंत्र तरी पाहील, असे आपल्यातल्याही काही सुशिक्षितांना वाटते. यंत्राला जात नसते, यंत्र विटाळ मानत नाही, ही त्यामागची आशा आहे. ही आशा प्रामाणिक आहे आणि म्हणूनच तिची कसून तपासणी झाली पाहिजे.

यंत्र श्रेष्ठ की माणूस श्रेष्ठ, या वादात मला पडायचे नाही. मुलाच्या चेहऱ्यावर कोणकोणत्या भावना असू शकतात याची एक यादी यंत्राच्या हाती आधीच दिलेली असते. ती यादी कोणी केली, कशावरून केली आणि तिच्यात काय मावत नाही, एवढाच प्रश्न या ठिकाणी विचारायचा आहे.

त्यासाठी यंत्र हे काम कसे करते ते आधी समजून घेऊ. कॅमेरा चेहरा टिपतो. संगणक त्या चेहऱ्यावरील भुवया, पापण्या, नाकपुड्या, ओठांचे कोपरे शोधतो आणि त्यांची ठेवण व हालचाल मोजतो. तत्पूर्वी त्याला हजारो छायाचित्रे दाखवलेली असतात आणि प्रत्येक छायाचित्रावर 'आनंद', 'राग', 'भीती' अशी चिठ्ठी माणसांनी लावलेली असते. नवा चेहरा समोर आला की तो कोणत्या चिठ्ठीच्या चेहऱ्यांशी अधिक जुळतो, एवढाच हिशेब यंत्र करते. म्हणजे मुलाच्या मनात काय चालले आहे हे यंत्राला कधीच दिसत नाही. हा चेहरा पाहून चिठ्ठ्या लावणाऱ्यांनी कोणती चिठ्ठी लावली असती, याचा तो केवळ अंदाज असतो. या अंदाजालाच 'भावना ओळखणे' असे भारदस्त नाव मिळाले आहे.

ज्या छायाचित्रांवर ही यंत्रे शिकतात, त्यांचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. २०१३ साली खुला झालेला आणि पुढे जगभरच्या संशोधकांनी वापरलेला 'फेर-२०१३' नावाचा एक संग्रह आहे. त्यात ३५ हजार ८८७ चेहरे आहेत. भावनावाचक शब्द टाकून इंटरनेटवर शोध घेतला आणि जी चित्रे सापडली ती गोळा केली, असा त्याचा जन्म. प्रत्येक चित्र उभे-आडवे ४८ ठिपक्यांचे आणि बिनरंगी. खास लहान मुलांसाठी केलेला एक प्रसिद्ध संग्रह २०१५ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाला. त्याचे नाव 'कॅफे'. त्यात दोन ते आठ वर्षे वयाच्या १५४ मुलांची ११९२ छायाचित्रे आहेत. या १५४ मुलांत दक्षिण आशियाई वंशाची मुले ११, आणि तीही अमेरिकेत वाढणारी. या मुलांना 'रागावल्याचा चेहरा कर', 'घाबरल्याचा चेहरा कर' असे सांगून छायाचित्रे घेतली गेली. संग्रह करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. मानसशास्त्रातील प्रयोगांसाठी त्यांनी तो केला होता. परंतु सांगून केलेला रागाचा चेहरा म्हणजे राग नव्हे, तो रागाचा अभिनय आहे. अभिनयावर शिकलेले यंत्र उद्या एखाद्या वस्तीतल्या उपाशी मुलाचे मन वाचणार असेल, तर त्या वाचनाचे मोल काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता यादीकडे वळू. तिचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रात आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या दोघांनी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोर जमातीच्या लोकांना लहान लहान प्रसंग सांगितले. कोणाचे मूल दगावले आहे, कोणाकडे मित्र आले आहेत, असे ते प्रसंग. मग दोन-तीन छायाचित्रे पुढे ठेवून प्रसंगाला जुळणारा चेहरा निवडायला सांगितले. १९७१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे साऱ्या मानवजातीत सारखेच असतात. भीतीचा आणि आश्चर्याचा चेहरा फोर लोकांना वेगवेगळा ओळखता आला नाही, ही नोंद त्याच प्रयोगात आहे. पण यादी सहाचीच राहिली. १९७८ साली याच दोघांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचाली नोंदवण्याची एक काटेकोर पद्धत प्रसिद्ध केली. संगणकाला मोजता येईल अशी वस्तू हवी होती, ती येथे आयती मिळाली.

पुढे या सिद्धान्ताचे काय झाले? २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक संशोधने तपासून एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. राग आल्यावर माणूस कपाळाला आठ्या घालतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रौढ माणसे राग आलेला असताना सरासरीने सुमारे ३० टक्के वेळाच तसे करतात, असे त्यांना आढळले. उरलेल्या वेळी राग दुसऱ्याच कोणत्या तरी रूपाने येतो किंवा चेहऱ्यावर येतच नाही. उलट मन एकाग्र झाले, पोटात दुखू लागले तरी आठ्या पडतात. त्यामुळे केवळ चेहऱ्यावरून मनातली भावना सांगण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. जे मोठ्या माणसाबाबत खरे, ते चेहऱ्यावरचा ताबा अजून शिकत असलेल्या चार वर्षांच्या मुलाबाबत किती अधिक खरे असेल!

मी मराठी साहित्य शिकवतो. या सहा भावनांची यादी प्रथम वाचली तेव्हा ती मला फार ओळखीची वाटली. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. यातून रती आणि उत्साह वगळले की उरते ती जवळजवळ एकमनचीच यादी. दोन हजार वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर असूनही प्रस्थापितांच्या भावविश्वाचा नकाशा इतका सारखा निघावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मात्र एका बाबतीत भरत अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. त्याची यादी रंगभूमीसाठी होती. नटाने शोक कसा दाखवावा हे तो सांगत होता. रस्त्यावरच्या माणसाचे मन वाचण्याचे शास्त्र आपण देत आहोत, असे त्याने म्हटलेले नाही.

दलित साहित्यावर पहिली चर्चा सुरू झाली तेव्हा या साहित्यात कोणता रस आहे, असा प्रश्न प्रस्थापित समीक्षेने विचारला होता. करुण म्हणावे तर त्यात दयेची याचना नव्हती. रौद्र म्हणावे तर तो राग नाटकातल्या वीराचा नव्हता. तुमच्या यादीत आमचा अनुभव बसत नसेल तर दोष अनुभवाचा नाही, यादीचा आहे, हे त्यावेळी आपल्या लेखक-समीक्षकांना ठणकावून सांगावे लागले. तीच झुंज आज दुसऱ्या क्षेत्रात उभी राहिली आहे. फरक इतकाच की, त्यावेळी यादी समीक्षकाच्या हाती होती आणि तिच्याशी वाद घालता येत होता. आता ती यंत्राच्या पोटात आहे.

या यादीत काय नाही? अपमान नाही. भरताने निदान 'अमर्ष' नावाचा भाव नोंदवला आहे. विद्येने, धनाने, सत्तेने वरचढ असलेल्यांनी अपमान केला असता मनात जे पेटते, त्याला तो अमर्ष म्हणतो. पण त्याला जागा दिली ती तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन जाणाऱ्या भावांत. ज्या समाजाच्या वाट्याला अपमान जन्मापासून मरणापर्यंत स्थायी होता, त्याची सर्वांत खोल भावना शास्त्रकाराने घडीभरची ठरवली. यंत्राने तर तेवढीही जागा ठेवलेली नाही. त्याच्याजवळ 'राग' आहे. गिळलेला राग नाही. 'भीती' आहे, मालकाच्या दारात आईचा आवाज बदलतो तो ऐकून मुलाच्या अंगात शिरणारा धाक त्यात नाही. आणि या सहांपैकी कशातच न बसणाऱ्या चेहऱ्यासाठी त्याच्याजवळ एक सातवी चिठ्ठी आहे : 'निर्विकार'.

बाबासाहेबांना लहानपणी वर्गात घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे. शिपाई नसेल तर तहान मारावी लागे. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या वर्गात कॅमेरा असता तर त्याने काय नोंदवले असते? मूल शांत बसले आहे, लक्ष देत आहे, चेहरा निर्विकार. आकडा उत्तम आला असता. ज्या मुलाला रडण्याची, रुसण्याची, हट्ट धरण्याची मुभा आहे, त्याच्या भावना चेहऱ्यावर येतात. ज्याला दोन-तीन वर्षांचा असतानाच 'गप बस, तिकडं शिवू नको' असे शिकवले जाते, ते मूल चेहरा बंद करायला शिकते. ते बंद करणे हीच त्याची सुरक्षितता असते. या बंद चेहऱ्याला निर्विकार म्हणणे म्हणजे अत्याचाराला शांतता म्हणणे होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शिक्षिका तरी कोठे निःपक्षपाती असते? हा आक्षेप रास्त आहे. २०१६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी बालवर्गाच्या शिक्षकांना काही चित्रफिती दाखवल्या. खोडसाळ वागणूक दिसेल तिकडे लक्ष ठेवा, असे सांगितले. चित्रफितीत खोडसाळ वागणारे एकही मूल नव्हते. तरीही शिक्षकांची नजर अधिक वेळ काळ्या मुलग्यावर खिळून राहिली. २०२० साली एमी हॉल्बरस्टॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आले की, भावी शिक्षकांना काळ्या शाळकरी मुलांच्या चेहऱ्यावर, ती रागावलेली नसतानाही, गोऱ्या मुलांच्या मानाने अधिक वेळा राग दिसतो. आपल्याकडेही माध्यान्ह भोजनाच्या संदर्भात सुखदेव थोरात आणि ज्योएल ली यांनी २००५ साली पाच राज्यांतील जे चित्र मांडले, त्यात वेगळ्या पंगती होत्या आणि दलित स्वयंपाकिणीला होणारा विरोधही होता. तेव्हा शिक्षकाचे डोळे निर्मळ आहेत असे भाबडेपणाने म्हणण्याचे कारण नाही.

पण यंत्राला डोळे मिळाले कोठून? याच माणसांकडून. २०१८ साली लॉरेन ऱ्हू यांनी अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंची छायाचित्रे भावना ओळखणाऱ्या दोन प्रणालींना दाखवली. दोन्ही प्रणालींनी काळ्या खेळाडूंवर गोऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात राग-तिरस्कारासारख्या नकारात्मक भावनांची चिठ्ठी लावली. माणसाचा पूर्वग्रह यंत्रात शिरला की तो नाहीसा होत नाही. त्याला आकड्याचे सोवळे नेसवले जाते. पूर्वग्रहदूषित शिक्षिकेशी आई भांडू शकते, शाळेच्या दारात उभी राहून जाब विचारू शकते. 'राग ७२ टक्के' असे म्हणणाऱ्या पडद्याशी ती कशी भांडणार? आणि शिक्षिका निदान विसरते. यंत्राची नोंद मुलाच्या मागे पहिलीत जाईल, पाचवीत जाईल. आमच्या आज्या-पणज्यांच्या माथी एका कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो पुसताना अनेक जमातींच्या पिढ्या खपल्या. चार वर्षांच्या मुलाच्या नावापुढे 'रागीट' असा शेरा कायमचा लागणे ही गोष्ट ज्यांना क्षुल्लक वाटते, त्यांनी शिक्क्यांचा हा इतिहास विसरू नये.

ही भीती काल्पनिक नाही. २०१८ साली चीनमधील हांगचौ शहरातील एका माध्यमिक शाळेत दर तीस सेकंदांनी विद्यार्थ्यांचे चेहरे टिपून सात प्रकारांत वर्गवारी करणारे कॅमेरे बसवल्याचे जगाला कळले. करोनाच्या साथीत घरून शाळा सुरू झाली तेव्हा हाँगकाँगमध्ये मुलांचे चेहरे संगणकाच्या कॅमेऱ्यातून वाचणारी 'फोर लिटल ट्रीज' नावाची प्रणाली वापरात आली. त्याचवेळी उलट प्रवाहही सुरू झाला. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सोय मागे घेत असल्याचे जाहीर केले. युरोपीय संघाने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी कायदा केला आणि कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे सोडून, बंदी घातली. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. युरोपातल्या मुलाला हे संरक्षण मिळाले. आपल्या मुलाचे काय?

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास त्यात मनाई आहे. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी या मनाईतून सूट दिली. पाळणाघरांनाही सुरक्षिततेच्या कारणावरून ती मिळाली. म्हणजे मूल दिवसाचा मोठा भाग जेथे घालवते, तेच दार उघडे राहिले. दुसरीकडे चेहरा टिपणारा कॅमेरा अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत आलाच आहे. घरी नेण्याचा पोषण आहार देताना लाभार्थ्याची ओळख चेहऱ्यावरून पटवणे १ जुलै २०२५ पासून सक्तीचे झाले. ही ओळख माणसाची आहे, भावनेची नव्हे, हा भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. पण ज्या फोनने सेविका आज बाईचा चेहरा पटवते, त्याच फोनने उद्या लेकराचे मन पटवायला सांगणे तांत्रिकदृष्ट्या फार दूर नाही. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. निकृष्ट फोन आणि इंग्रजीतली माहिती यांवर त्यांचा रोष होता. यंत्र लादणाऱ्यांनी ज्यांच्यावर ते लादले त्यांना काही विचारले नव्हते, हा त्या आंदोलनाचा धडा आहे.

अंगणवाडी हा शब्दच येथे आपल्याला काही शिकवतो. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. जी मुले शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणात शाळा नेली पाहिजे, हे त्यांना उमगले. मुलाला समजून घ्यायचे तर त्याचे अंगण पाहावे लागते, हा त्यातला विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. मी स्वतः अशाच एका वस्तीतल्या अंगणवाडीत बसलो आहे. आमच्या घरातून पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आमच्या बाई मुलाचा चेहरा पाहून थांबत नसत. 'चूल पेटली होती का रं सकाळी?' असे विचारत. दिवाळीच्या आसपास मुले गप्प होत, तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आहेत, कोणाचे आईबाप जाणार आणि कोण आजीपाशी राहणार, हे बाईंना ठाऊक असे. ते ज्ञान चेहऱ्यावर नव्हते. ते वस्तीत होते, हंगामात होते, घराघरातल्या रिकाम्या डब्यांत होते. यंत्र फार तर 'दुःख' असे सांगेल. त्या दुःखाला मुकादमाची उचल कारणीभूत आहे, हे त्याच्या कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नाही. आणि कारण काढून घेतले की भावना ही मुलाचा दोष होऊन बसते. मग त्या मुलावर उपचार सुरू होतात. मुकादम मोकळा राहतो.

सारे तंत्रज्ञान त्याज्य आहे असा याचा अर्थ नाही. २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वमग्न मुलांसाठी केलेल्या चष्म्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय आहे हे तो चष्मा मुलाला सुचवतो. त्याचीही यादी अपुरीच आहे. परंतु तेथे यंत्र मुलाच्या डोळ्यांवर आहे आणि ते मोठ्यांकडे रोखलेले आहे. आपल्याला विरोध करायचा आहे तो यंत्र उलटे फिरवून वरून खाली रोखण्याला. खालच्याने वरच्याचा चेहरा वाचून वागावे आणि वरच्याने खालच्याच्या नोंदी ठेवाव्यात, हीच या देशाची जुनी रीत आहे.

म्हणून आपली मागणी साधी असावी. बालवर्गात आणि अंगणवाडीत भावना ओळखणाऱ्या यंत्रांना युरोपप्रमाणे कायद्याने बंदी घालावी आणि २०२५ च्या नियमांतील सूट अशा यंत्रांना मिळणार नाही, हे स्पष्ट लिहावे. कॅमेऱ्यावर होणाऱ्या खर्चातून दुसरी सेविका नेमावी, तिला मानधनाऐवजी वेतन द्यावे. आणि नोंद ठेवायचीच असेल तर ती मुलाच्या चेहऱ्याची ठेवू नये. अंगणवाडी कोणाच्या गल्लीत आहे, पंगतीत कोण कोठे बसते, पाण्याच्या माठाला कोणाचा हात लागलेला चालत नाही, आहार किती दिवस आलाच नाही, याची नोंद ठेवावी. ही नोंद ठेवायला कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. ती ठेवली गेली तर मुलाचा चेहरा का पडला आहे ते कळेल, आणि तो कोणी पाडला तेही कळेल.